‘प्रवेशाचे हक्क राखीव’: नव्या धंद्यात गिऱ्हाईक कधी नाकारता येतं आणि कधी नाही

दुकान, खानावळ, सलून, लॉज, काहीही नवं उघडलं की रंगाऱ्याकडून एक पाटी हमखास रंगवून घेतली जाते: ‘प्रवेशाचे हक्क राखीव’. गेली अठरा वर्षं मी छोट्या धंदेवाल्यांची शॉप ॲक्टची नोंद, फूड लायसन्स, पोलिसांचं ना हरकत पत्र अशी कामं करून देतो. फाइल हातात देताना मी प्रत्येक नव्या मालकाला विचारतो, या पाटीचा अर्थ काय? बहुतेक जण म्हणतात, ‘दुकान माझं आहे, मला वाटेल त्याला आत घेईन, वाटेल त्याला बाहेर काढीन.’ यातलं निम्मं बरोबर आहे. उरलेल्या निम्म्यापायी माणूस तुरुंगात जाऊ शकतो, आणि त्याहून वाईट म्हणजे दारात आलेल्या माणसाचा जन्मभर न विसरता येणारा अपमान होतो. म्हणून हा लेख पहिल्यांदाच धंद्यात उतरणाऱ्यांसाठी, पायरी पायरीने.

पहिली पायरी: तुमचं स्वातंत्र्य कुठवर आहे

धंदा करण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(छ) ने दिलेला आहे. काय विकायचं, किती वाजता उघडायचं, खानावळ शाकाहारी ठेवायची की मांसाहारी, उधार द्यायचं की नाही, हे तुम्ही ठरवता. काचेच्या कपाटात वस्तूला किंमत लावून ठेवली म्हणजे कराराच्या कायद्यानुसार तुम्ही ती विकायला बांधले जात नाही. ते फक्त गिऱ्हाइकाला दिलेलं आमंत्रण असतं. बाहेरचे खाद्यपदार्थ आणू न देण्याचा हक्कही मालकाला आहे. चित्रपटगृहांबाबत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तसं स्पष्ट सांगितलं. मात्र पिण्याचं पाणी फुकट मिळालं पाहिजे आणि तान्ह्या मुलाचं खाणं अडवता येणार नाही, हेही बजावलं.

काही धंद्यांत हे स्वातंत्र्य मुळातच कमी असतं. मेडिकलवाल्याकडे औषध शिल्लक असेल आणि गिऱ्हाइकाकडे लागणारी चिठ्ठी असेल, तर २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे ‘देत नाही’ म्हणता येत नाही. रिक्षा-टॅक्सीवाल्याला भाडं नाकारता येत नाही. तुमचा धंदा परवान्यावर चालत असेल, तर परवान्यामागच्या अटी आधी वाचा. त्या कोणी वाचत नाही, हा माझा रोजचा अनुभव आहे.

दुसरी पायरी: जात. इथे थांबून नीट वाचा

माझ्या लहानपणी आमच्या गावातल्या चहाच्या हॉटेलात वळचणीला दोन कप खोचलेले असत. ज्यांच्यासाठी ते होते त्यांनी ते स्वतः काढायचे, बाहेर उभ्याने चहा प्यायचा, विसळायचे आणि परत खोचून ठेवायचे. हॉटेलवाला वरून चहा ओतायचा. तो माणूस कोणावर ओरडत नसे, कोणाला हाकलतही नसे. त्याला वाटायचं, मी कुठे कोणाला नाही म्हणतोय? त्या कपांच्या बाबतीत कायदा तेव्हाही जागच्या जागी होता. आम्हा कुणालाच तो ठाऊक नव्हता, म्हणून मी आज तो सगळ्यांना सांगत फिरतो.

१९५५ चा अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा १९७६ च्या दुरुस्तीनंतर ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ या नावाने ओळखला जातो. त्याच्या कलम ४ मध्ये दुकानात, उपाहारगृहात, हॉटेलात येऊ न देणं हा जसा गुन्हा आहे, तसाच तिथली भांडी वापरू न देणं हाही गुन्हा आहे. कलम ६ सांगतं की इतरांना ज्या वेळी, ज्या जागी, ज्या अटींवर माल विकता किंवा सेवा देता, त्याच वेळी, त्याच जागी, त्याच अटींवर ती नाकारली तर किमान एक महिना आणि कमाल सहा महिने कैद, शिवाय दंड. आणि या कलमाखाली दोषी ठरल्यावर न्यायालय धंद्याचा परवाना रद्द किंवा निलंबित करू शकतं.

‘दुकान’ म्हणजे काय, हेही कायद्याने सांगून टाकलं आहे. फेरीवाल्याची गाडी, लॉण्ड्री, केशकर्तनालय, गिऱ्हाइकाला सेवा मिळते ती कोणतीही जागा. यामागे एक इतिहास आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत आजच्या अनुच्छेद १५ वर चर्चा चालू असताना ‘दुकान’ या शब्दात नेमकं काय काय येतं, असा प्रश्न निघाला. डॉ. आंबेडकरांनी उत्तर दिलं की हा शब्द फक्त आत पाऊल टाकू देण्यापुरता नाही. जो कोणी आपली सेवा लोकांपुढे ठेवतो तो यात येतो, आणि अटी मान्य असतील तर सेवा द्यावी लागेल. हे सांगणारा माणूस १९१७ च्या सुमारास परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाला होता, तेव्हा राहायला जागा मिळेना म्हणून एका पारशी मुक्कामघरात नाव बदलून उतरला होता. काही दिवसांनी काठ्या घेतलेल्या लोकांनी येऊन त्याला बाहेर काढलं. ‘खोली आहे की नाही’ हा प्रश्न आंबेडकरांनी स्वतः अंगावर झेलला होता. ही गोष्ट मी प्रत्येक लॉजवाल्याला सांगतो.

नव्या मालकांना एक गोष्ट बहुधा माहीत नसते. गिऱ्हाईक अनुसूचित जातीचं असेल आणि त्याला नाकारलं गेलं असेल, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच नाकारलं असं न्यायालय गृहीत धरतं. तसं नव्हतं हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. याच्या जोडीला १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आहे. २०१५ ला दुरुस्ती होऊन २६ जानेवारी २०१६ पासून त्यात दुकान, दवाखाना, करमणुकीची जागा इथे प्रवेश अडवणं आणि सार्वजनिक भांडी वापरू न देणं याचा स्पष्ट उल्लेख आला. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार हाही त्यात वेगळा गुन्हा आहे.

मग करायचं काय? साधं आहे. सगळ्यांना एकच ग्लास. वळचणीचे कप गेले, पण आता काही ठिकाणी त्यांची जागा कागदी कपाने घेतली आहे: ओळखीच्याला काचेचा ग्लास आणि ‘त्या’ वस्तीतल्याला कागदी. कागदी ठेवायचे तर सगळ्यांना ठेवा.

सलूनचं एक उदाहरण सांगतो. एका तरुणाने गावात नवं सलून टाकलं. पहिल्याच आठवड्यात गावातले दोघे येऊन बसले आणि म्हणाले, ‘त्या वस्तीतल्या पोरांची कटिंग करू नको, नाहीतर आमची माणसं येणार नाहीत.’ तो माझ्याकडे आला तेव्हा घाबरलेला होता. मी त्याला सांगितलं, ‘गिऱ्हाईक तुटेल म्हणून नाकारलं’ हा कोर्टात बचाव होत नाही, आणि सलूनचं नाव कायद्यात लिहिलेलं आहे. त्याने दारावर दरपत्रक आणि ‘येईल त्याचा नंबर’ असं लिहून लावलं. काही दिवस खुर्ची रिकामी राहिली हे खरं आहे. नंतर जवळपास दुसरं सलून नसल्याने सगळे आले. पण कोणी आलं नसतं तरी त्याने तेच करायला हवं होतं, आणि हे मी त्याला तेव्हाच बोललो होतो.

तिसरी पायरी: दिव्यांग, तृतीयपंथी, एचआयव्हीसह जगणारे

तिन्हींसाठी वेगवेगळे कायदे आहेत आणि तिन्ही खासगी धंद्यालाही लागू होतात.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. व्हीलचेअरवरून आलेल्याला ‘इतर गिऱ्हाइकांना अडचण होईल’ म्हणून परत पाठवणं हा भेदभाव आहे. शक्य असलेली वाजवी सोय करून न देणं, हाही त्या कायद्याने भेदभावच ठरवला आहे. पायरीवर टाकायला एक उतरती फळी आणि दाराजवळचं एक टेबल, एवढ्याने बहुतेक छोट्या हॉटेलांचं काम भागतं. चारचौघांत मुद्दाम अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षं कैदेची तरतूद आहे. २०१२ मध्ये जीजा घोष या सेरेब्रल पाल्सी असलेल्या कार्यकर्त्या कोलकात्याहून गोव्याला एका परिषदेसाठी निघाल्या होत्या. त्यांना विमानातून उतरवण्यात आलं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमान कंपनीला १० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. ‘आम्ही त्यांच्याच काळजीपोटी केलं’ हे म्हणणं तिथे टिकलं नाही. काळजीच्या नावाखाली दिलेला नकार तुमच्या दुकानातही टिकणार नाही.

तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ चा कायदा आहे. सर्वांसाठी खुली असलेली वस्तू, सेवा, मुक्काम नाकारणं त्यात निषिद्ध आहे. सार्वजनिक जागी प्रवेश अडवला तर सहा महिने ते दोन वर्षं. एचआयव्हीचा कायदा २०१७ चा, अंमल सप्टेंबर २०१८ पासून. दात काढणारे डॉक्टर, पार्लर, लॉज, सगळ्यांनी तो वाचावा.

चौथी पायरी: धर्म, बाई-पुरुष, जन्मगाव

अनुच्छेद १५(२) मध्ये धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान अशी पाच कारणं आहेत. यापैकी केवळ एका कारणावरून दुकान, उपाहारगृह, हॉटेल इथे कोणा नागरिकाला अडवता येत नाही. घटनेतली बरीच कलमं सरकारला बांधतात. हे कलम तुमच्या-माझ्यासारख्या खासगी माणसालाही बांधतं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खासगी महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या खटल्यात आंबेडकरांचं तेच उत्तर उद्धृत करून ‘दुकान’ या शब्दाचा व्यापक अर्थ पुन्हा मान्य केला.

पण इथे एक पोकळी आहे, ती लपवत नाही. जातीवरून नाकारलं तर ठाण्यात थेट गुन्हा दाखल होतो. धर्मावरून किंवा बाई आहे म्हणून नाकारलं तर तेवढ्याचसाठी शिक्षा सांगणारा असा एकच सर्वंकष कायदा आपल्या देशात नाही. शशी थरूर यांनी लोकसभेत भेदभावविरोधी खासगी विधेयक मांडलं होतं, ते कायदा झालं नाही. मला ही मोठी उणीव वाटते. म्हणून कोणी ‘अमुक धर्माच्यांना माल मिळणार नाही’ अशी पाटी लावायला मोकळा झाला असं मात्र समजू नका. तशी पाटी दोन समाजांत वैर वाढवणारी ठरली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा होऊ शकतो.

लॉजवाल्यांसाठी वेगळं सांगतो, कारण सगळ्यात जास्त नकार तिथेच दिले जातात. ‘एकट्या बाईला खोली देत नाही’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या कितीतरी काउंटरांवर अजून ऐकू येतं. हा लिंगावरून नकार आहे. ‘पोलिसांनी सांगितलंय’ असं कारण पुढे केलं जातं. कुठला लेखी आदेश आहे ते विचारा, कागद निघत नाही. अविवाहित जोडप्याबद्दल २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने म्हटलं की दोन सज्ञान व्यक्तींनी एका खोलीत राहण्याला मनाई करणारा कायदा नाही. पण विवाह झाला आहे की नाही हे अनुच्छेद १५(२) च्या यादीत नाही, त्यामुळे त्या कारणावरून दिलेल्या नकाराला आज शिक्षा नाही. फक्त हे लक्षात घ्या: ओळखपत्रावरची दोन आडनावं बघून, धर्म वेगळे दिसले म्हणून तुम्ही नाही म्हणालात, तर तो नकार धर्मावरून झाला.

भाषा या यादीत नाही. तरी भाषेवरून गिऱ्हाइकाचं गाव विचारून त्याला बाहेर काढाल, तर ते जन्मस्थानापाशी येऊन थांबतं.

घर भाड्याने देणं, सोसायटीचं सभासदत्व हे प्रश्न निराळे आहेत. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण सोसायटीला सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवू दिलं. तो निकाल दुकानाला लावू नका.

पाचवी पायरी: ‘नाही’ म्हणण्याची तुमची यादी करा

एक वही घ्या आणि कोणकोणत्या कारणाने नाकारणार ते आजच लिहा. कसोटी एकच: कारण माणसाच्या वागण्यात, पैशात, वेळेत किंवा कायद्याच्या बंधनात असलं पाहिजे, त्याच्या जन्मात किंवा शरीरात नको. दारू पिऊन धिंगाणा, नोकराला शिवीगाळ, बायकांची छेड, आधीची थकबाकी, बंद करायची वेळ, संपलेला माल, भरलेल्या खोल्या, हत्यार बाळगणं ही सगळी चालणारी कारणं आहेत. काही नकार तर द्यावेच लागतात. १८ वर्षांखालच्याला तंबाखू-सिगारेट विकता येत नाही; महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि कडक दारूला २५ वर्षांची अट आहे. लॉजवर ओळखपत्राशिवाय खोली देऊ नका आणि परदेशी पाहुण्याची नोंद २४ तासांत पाठवा.

यादी झाली की ती सगळ्यांना सारखी लावा. न्यायालयात माणूस सापडतो तो इथेच. ‘चप्पल घालून आत येऊ नये’ हा नियम ठीक आहे. पण नियमाची आठवण ठरावीक माणसं आली की होत असेल, तर तो नियम नव्हे. पेहरावाच्या अटींबाबत जरा जपून. तमिळनाडूत २०१४ मध्ये एका न्यायमूर्तींना वेष्टी (तिकडचं धोतर) नेसली म्हणून क्लबात घेतलं नाही, आणि त्याच वर्षी तिथल्या विधानसभेने पारंपरिक पोशाखावरून प्रवेश नाकारायला बंदी घालणारा कायदा केला.

सहावी पायरी: ऑर्डरप्रमाणे काम करणाऱ्यांसाठी

फ्लेक्सवाले, पत्रिका छापणारे, केकवाले यांना वेगळाच पेच पडतो: माणसाला नाही, मजकुराला नाही म्हणायचं असेल तर? याचं उत्तर मला ब्रिटनमधल्या एका खटल्यात सापडलं. २०१४ मध्ये बेलफास्टच्या एका बेकरीने समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारा मजकूर केकवर लिहायला नकार दिला. केक होता साडेछत्तीस पौंडांचा. २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बेकरीच्या बाजूने निकाल दिला, कारण नकार गिऱ्हाइकाला नव्हता, मजकुराला होता. तो मजकूर कोणीही मागितला असता तरी त्यांनी नाहीच म्हटलं असतं. याउलट कॉर्नवॉलमधल्या एका गेस्ट हाउसने समलिंगी जोडप्याला डबल रूम नाकारली, ते मालक २०१३ मध्ये त्याच न्यायालयात हरले. तिथे नकार माणसांना होता. ब्रिटनमध्ये धंदा काढणाऱ्या मराठी मंडळींनी हे दोन निकाल ध्यानात ठेवावेत. तिथला २०१० चा समता कायदा आपल्यापेक्षा कितीतरी व्यापक आहे.

आपल्याकडचा फ्लेक्सवाला यातून एवढं घेऊ शकतो: शिवीगाळीचा, द्वेषाचा मजकूर छापणार नाही असं लिहून लावा आणि तो कुणीही आणला तरी छापू नका. पण लग्नपत्रिका छापत असाल तर नवरा-नवरीच्या जातीवरून ऑर्डर परत करू नका.

सातवी पायरी: काउंटरवरचा पोरगा

नकार देणारा बहुधा मालक नसतो, काउंटरवरचा नोकर असतो. कंपनी किंवा भागीदारी असेल तर ‘मला माहीत नव्हतं’ एवढ्यावर मालक सुटेलच असं नाही. मी ते होऊ नये म्हणून काळजी घेतली होती, हे दाखवावं लागतं. म्हणून पहिल्याच दिवशी नोकरांना बसवून यादी वाचून दाखवा. आडनाव, गाव, वस्ती विचारायची नाही. नाही म्हणायचं तर कारण मोठ्याने आणि साध्या शब्दांत सांगायचं: ‘काका, साडेदहाला शटर ओढतो, आता ऑर्डर घेता येणार नाही.’ कारण न सांगता टोलवलेलं गिऱ्हाईक स्वतःच कारण शोधतं, आणि आपल्या समाजात त्याला कोणतं कारण आधी आठवणार हे आपण सगळे जाणतो. नोंदवहीत तारीख, वेळ आणि कारण लिहा. सीसीटीव्ही असेल तर त्या दिवसाचं चित्रण काढून ठेवा.

आठवी पायरी: गावकीचा दबाव आला तर

कोणाला तरी वाळीत टाकलं जातं आणि किराणावाल्याला निरोप येतो: ‘त्यांना माल द्यायचा नाही, दळण दळायचं नाही.’ रायगडसारख्या जिल्ह्यातून अशी प्रकरणं वर्षानुवर्षं येत राहिली. त्यातूनच महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला, तो जुलै २०१७ पासून लागू आहे. देशातला असा पहिलाच. बहिष्काराला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुम्ही निरोप पाळलात तर आरोपींच्या रांगेत तुमचंही नाव येऊ शकतं. निरोप कोणी, कधी, कोणासमोर दिला ते लिहून ठेवा, माल देत राहा, आणि धमकी आली तर पोलिसांत जा. वाळीत टाकलेल्या कुटुंबाला पोलिसांकडे किंवा सरळ न्यायदंडाधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, हे त्यांना सांगा. गावात हे सांगणारा दुकानदार एकटा पडतो, मला ठाऊक आहे. पण त्या घरातल्या पोरांना दूध मिळणं तुमच्या हातात असतं.

नववी पायरी: तक्रार झालीच तर

पहिल्यांदा भांडण थांबवा. चूक झाली असेल तर त्याच क्षणी माफी मागा आणि नाकारलेली सेवा द्या. ‘तक्रार मागे घे’ म्हणून घरी माणसं पाठवू नका. त्यातून आणखी गुन्हे उभे राहतात. ॲट्रॉसिटीच्या प्रकरणात तपास उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो, आणि अटकपूर्व जामिनाची वाट कायद्याने सर्वसाधारणपणे बंद ठेवली आहे. चित्रण, नोंदवही, त्या वेळी हजर असलेल्यांची नावं वकिलाकडे द्या, खाडाखोड करू नका. आणि हा लेख वाचणारे तुम्ही स्वतः नाकारले गेलेले गिऱ्हाईक असाल, तर अनुसूचित जाती-जमातींसाठी १४५६६ हा केंद्राचा हेल्पलाइन क्रमांक आहे, दिव्यांगांसाठी पुण्यात आयुक्तालय आहे, आणि ठाण्यात तक्रार लिहून घेतली नाही तर वरिष्ठांकडे लेखी द्या.

राहिली ती पाटी. माझ्या सलूनवाल्या मित्राच्या दारावर आज जी आहे ती मी बहुतेक नव्या दुकानदारांना उतरवून देतो. ‘येईल त्याचा नंबर. दर सर्वांना सारखे. दारू पिऊन येणाऱ्यास व शिवीगाळ करणाऱ्यास सेवा मिळणार नाही. दुकान रात्री ९ ला बंद.’ ‘हक्क राखीव’ त्याने पुसून टाकलं.